लागतील तेवढे मोळ

म्हैसूरच्या मेटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत रोज सकाळी साडेआठ वाजता अकरा मोळ मल्लिगे, म्हणजे मोगरा, येत असे. एक मोळ चामुंडी अम्माच्या तसबिरीला, एक दिवंगत संस्थापकांच्या फोटोला, आठ मोठ्या यंत्रांना आणि उरलेला एक हिशेब विभागातल्या सर्व्हरला. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरेल एवढी गुंफलेली फुलं. कोपर फूलवालीचं.

फूलवालीचं नाव सुमा अक्का. तिच्याशी झालेला करार संस्थापकांनी २००९ साली कॅलेंडरच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने कन्नडमध्ये लिहिला होता: ‘अम्मा इथे बसली आहे तोवर, रोज लागतील तेवढे मोळ, मोळाला दहा रुपये.’ खाली एक सही, एक अंगठा. तेव्हा बाजारात मोळ आठ रुपयांना होता, म्हणजे कंपनीने औदार्यच दाखवलं होतं. पुढे संस्थापक गेले, बाजारभाव पस्तिसावर गेला, पण दिवसाची भवानी अम्माच्या दारात होते म्हणून अक्का दहालाच फुलं देत राहिली. सोळा वर्षं यात कोणाला काही गैर दिसलं नाही, कारण कोणी पाहिलंच नाही.

गैर घडलं ते प्रामाणिकपणामुळे. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या दिवशी मोळ ऐंशीवर गेला. कंपनीचे वित्तप्रमुख प्रणेश राव, पाच पिढ्या म्हैसुरात राहून घरात मराठी टिकवलेला सज्जन माणूस, अक्काला फाटकावर भेटले आणि त्यांना दया आली.

“अय्यो अक्का, आज आमाला फुलं देऊ नकोस. बाजारात जाऊन वीक. वरचे पैसे येतील त्यातले अर्धे तुला, अर्धे कंपनीला. आयतु?”

“आयतु,” अक्का म्हणाली.

संध्याकाळी तिने तीनशे पंच्याऐंशी रुपये आणून दिले. दुसऱ्या कोणी ते खिशात घातले असते. प्रणेश रावांनी पावती फाडली.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आभा देशमुख यांना ही पावती सापडली. आभाताई बारा वर्षांपूर्वी पुण्याहून म्हैसूरला आल्या होत्या आणि अजून कोणत्याही वाक्याच्या शेवटी हसत नसत.

“स्वतःच्या वापरासाठी माल घ्यायचा करार हा साधा करार,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही माल न घेता फरकाची रक्कम घेतलीत. म्हणजे हा डेरिव्हेटिव्ह झाला. तो ताळेबंदात रास्त मूल्याने दाखवावा लागेल.”

“फुलांचा?”

“वित्तीय साधनाचा,” आभाताई म्हणाल्या.

हे काम शशांककडे आलं. शशांक म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्रीतून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला. त्याला कंपनीत ‘मूल्यमापन सहायक’ म्हणून घेतलं होतं, कारण एक्सेलमध्ये घातांक लिहिता येणारा तो एकटाच उमेदवार होता. त्याचा उमेदवारीचा काळ एकतीस मार्चला संपत होता. नोकरी पक्की झाल्याचं त्याच्या आईने गल्लीत आधीच सांगून टाकलं होतं. आता फक्त कंपनीने ते मान्य करायचं बाकी होतं.

“मरी, हे एक काम नीट कर,” प्रणेश राव त्याला लाडाने म्हणाले. “पंपात यंदा चार कोटी गेलेत. त्यात ह्या फुलांचं लफडं नको. सुम्ने काहीतरी आकडा काढ आणि सोडून दे. मग तुझं पत्र टाईप करायला सांगतो.”

शशांकला सुम्ने, म्हणजे उगाच, काही करणं जमत नसे. त्याने आधी लेखामानकांचं पुस्तक वाचलं. मूल्याच्या तीन पातळ्या असतात. पहिल्या पातळीत त्याच वस्तूचा बाजारातला भाव जसाच्या तसा घ्यायचा. दुसऱ्या पातळीत भावात दुरुस्ती करायची. तिसऱ्या पातळीत आपल्या मनातलं लिहायचं, पण मनातलं आहे असं नीट जाहीर करून.

तो स्टीलची टेप घेऊन देवराज मार्केटात गेला. पस्तीस रुपये हा भाव सगळीकडे एकच होता. कोपरं मात्र एकसारखी नव्हती. एकोणीस फूलवाल्यांच्या हातांची सरासरी ४३.२ सेंटिमीटर आली. सुमा अक्काचा हात ४१.५.

“म्हणजे दुरुस्ती आली,” आभाताई म्हणाल्या. “पहिली पातळी गेली.”

“पण मॅडम, अक्का गाठी दाट घालते. सेंटिमीटरला फुलं जास्त येतात. मी मोजलीत. दुरुस्त्या एकमेकींना खाऊन टाकतात. भाव पस्तीसच राहतो.”

“राहू दे. पातळी गेली ती गेली.”

प्रणेश रावांना मध्येच आठवलं, की गोकुलम भागात योग शिकायला आलेले परदेशी लोक एका मोळाला शंभर रुपये देतात आणि वर हात जोडतात. तिथला भाव धरला तर? आभाताईंनी नकार दिला. जिथे सर्वात जास्त उलाढाल होते तोच मुख्य बाजार. नमस्काराला मूल्य नाही.

आता प्रश्न आला मोळ किती धरायचे. शशांकने अकरा लिहिले.

“करारात अकरा कुठे आहेत?” आभाताईंनी विचारलं. “‘लागतील तेवढे’ असं आहे. हा कंपनीचा हक्क आहे. पस्तिसाची वस्तू दहाला मिळत असेल, तर शहाणा माणूस रोज किती मागेल?”

शशांकने विचार केला. “बाजारात असतील तेवढे.”

“मग?”

देवराज मार्केटात दिवसाला चाळीस हजार मोळ येतात असा त्याचा अंदाज होता. सुमा अक्का एकटी सायकलवर येते, हेही त्याने सांगितलं. आभाताईंनी ते लिहून घेतलं आणि सावधगिरी म्हणून बाजाराचा फक्त एक टक्का धरायचं ठरवलं. रोज चारशे मोळ. मोळामागे पंचवीस रुपये फायदा. दिवसाचे दहा हजार, वर्षाचे साडेछत्तीस लाख.

प्रणेश राव खुर्चीतून अर्धे उठले. लफडं हा शब्द त्यांनी त्यानंतर वापरला नाही.

“किती वर्षं धरायची?” त्यांनी हळूच विचारलं.

“अम्मा इथे बसली आहे तोवर,” शशांकने वाचून दाखवलं.

म्हणजे कायम. फुलांचा भाव वर्षाला नऊ टक्क्यांनी वाढत होता, पुढचे पैसे आजच्या किमतीला आणायचा वटावाचा दर आठ टक्के होता. शशांकने गणित मांडलं आणि पुन्हा एकदा मांडून पाहिलं.

“सर, बेरीज थांबत नाही. उत्तर अनंत येतंय.”

“कोटीत सांग.”

“अनंत कोटी.”

प्रणेश रावांनी डोळे मिटले. सर्व्हरवरच्या फुलांचा वास येत होता. “मरी,” ते म्हणाले, “ते स्वल्प राउंड ऑफ कर.”

अनंताला लेखापरीक्षकांची मंजुरी मिळाली नाही. आभाताईंचं म्हणणं, अम्मा कायम असेल, अक्का नसेल. वाढीचा दरही आठच धरा, म्हणजे वाढ आणि वटाव यांची फिटंफाट होईल. मग उरला एकच प्रश्न, आणि तो बाजारात कोणाला ठाऊक नव्हता. तो थेट अक्कालाच विचारावा लागणार होता.

“अक्का, तुम्ही अजून किती वर्षं फुलं आणाल?” शशांकने फाटकावर उभं राहून कन्नडमध्ये विचारलं.

“का रे मगा? तुझ्या लग्नात हवीत का?”

“तसं नाही. कंपनीला माहिती पाहिजे.”

“सासू सत्तरीपर्यंत बसायची बाजारात. मी बावन्नची. तूच कर वजाबाकी. तू शिकलेला.”

अठरा. साडेछत्तीस लाख गुणिले अठरा, सहा कोटी सत्तावन्न लाख. चार कोटींचा तोटा पुसून अडीच कोटींच्या वर नफा. मूल्य तिसऱ्या पातळीतलं. संचालक मंडळाने टाळ्या वाजवल्या आणि लगेच त्यांना धास्ती बसली: भाव पडला तर?

म्हणून बचावाचा करार करायचं ठरलं. देवराज मार्केटातल्या शरत नावाच्या फूलवाल्याने कागदावर सही केली, की भाव पस्तिसाच्या खाली गेला तर फरक तो देईल. बदल्यात त्याला पाचशे रुपये मिळाले. फुलं न देण्याचे पैसे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होते. कशावर सही करतोय हे त्याने विचारलं नाही. बचाव परिणामकारक आहे हे सिद्ध करायला शशांकने दोन्ही फूलवाल्यांच्या भावांचा आलेख काढला. रेषा एकमेकींवर इतक्या चपखल बसल्या, की आभाताईंनी पहिल्यांदा मान डोलावली. चपखल बसण्याचं कारण शशांकला नंतर कळलं. शरतची सगळी मल्लिगे दुपारी सुमा अक्काच गुंफून देत होती.

म्हणजे मालमत्ता सुमा अक्का होती, आणि मालमत्तेला काही झालं तर बचावही सुमा अक्काच होती.

प्रणेश राव हादरले. त्याच दिवसापासून कंपनीने मालमत्तेची काळजी घ्यायला सुरुवात केली. अक्काचा रक्तदाब रोज मोजून ताळेबंदाच्या टिपांना जोडण्यात आला. सायकलवर बसताना हेल्मेट सक्तीचं झालं. वेंकटेश नावाचा पहारेकरी लाल झेंडा घेऊन तिला रस्ता ओलांडून देऊ लागला. चौथ्या दिवशी तिला वातानुकूलित स्वागतकक्षात बसवून गोडं ताक देण्यात आलं. “बाजारात गर्दीत जायचं नाही,” असं सांगितल्यावर अक्काने विचारलं, मग फुलं कुठून आणू? तेव्हा तिला आणखी ताक देण्यात आलं.

एकोणतीस मार्चला तिने ताक बाजूला ठेवलं.

“साहेब, सोळा वर्षं झाली. आता मोळाला वीस करा. मलाच अठ्ठावीसला पडतो.”

प्रणेश रावांचा हात आपोआप खिशाकडे गेला. अकरा मोळांचे दिवसाला एकशे दहा रुपये जास्त! कॉफीवर याहून अधिक जात होते. पण त्यांनी सवयीने शशांककडे पाहिलं. शशांकने आकडा बदलून पाहिला होता.

“मोळामागे फायदा पंधरावर येतो, सर. मूल्य तीन कोटी चौऱ्याण्णव लाख. चार कोटींचा तोटा भरून निघत नाही. सहा लाख कमी पडतात.”

“दहा रुपयांनी?”

“दहा रुपयांनी अडीच कोटींचा नफा जातो, सर.”

प्रणेश रावांनी हात खिशातून काढला. अक्काला त्यांनी सांगितलं, की कंपनीला तिच्याबद्दल अतिशय आदर आहे. मग ते बैठकीला निघून गेले. बैठक नव्हती.

अक्का शशांककडे वळली. “काय म्हणाला तो? मला समजेल असं सांग.”

शशांकने सांगितलं. खोटं बोलणं त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. “अक्का, तुमच्या त्या कॅलेंडरच्या कागदाची किंमत साडेसहा कोटी रुपये आहे.”

अक्का हसली नाही. तिने पदराने कपाळ पुसलं. “एवढे कोण देतो?”

“बाजारातला सहभागी.”

“मी रोज बाजारात असते. कोण तो? दुकान कुठे त्याचं?”

“तो खरोखर नसतो, अक्का. तो आहे असं मानायचं असतं. तो जाणता असतो, त्याला घाई नसते, आणि तो रोज चारशे मोळ घेतो.”

“आणि पैसे?”

“तेही मानायचे असतात.”

अक्काने टोपली उचलली. हेल्मेट काढून ते नीट, फुलं ठेवावीत तसं, अम्मापुढे ठेवलं. “मगा,” ती म्हणाली, “उद्यापासून फुलं त्यालाच आणायला सांग.”

तीस तारखेला ती आली नाही. एकतिसालाही नाही. शशांकने फाईल आभाताईंसमोर ठेवली. आपल्या हातून नोकरी गेली, पण निदान आकडा तरी खरा होईल, असं त्याला वाटत होतं.

“लेखी नोटीस आहे?” आभाताईंनी विचारलं.

“नाही. ती फक्त बोलली.”

“बोलणं हा पुरावा नाही. कागद आहे, अम्मा बसली आहे, करार चालू आहे. न आलेल्या फुलांवरही कंपनीचा हक्क शाबूत आहे.” त्यांनी एक छापील पान पुढे सरकवलं. “तिसऱ्या पातळीचं गृहीतक: ‘पुरवठा अठरा वर्षं सुरळीत चालू राहील.’ इथे मूल्यमापकाची सही लागते.”

प्रणेश राव दारात उभे होते. त्यांच्या हातात नोकरीचं पत्र होतं आणि ते पत्राने वारा घेत होते. “मरी, तुझी आई माझ्या बायकोला देवळात भेटली होती,” ते म्हणाले. “फार खूश होती.”

शशांकने पानावरचं गृहीतकाचं वाक्य चारदा वाचलं. मग सही केली, आणि खाली तारीख घातली. तारीख अचूक होती.

आता कंपनीत सगळं सुरळीत आहे. रोज सकाळी शशांक स्कूटरवर देवराज मार्केटात जातो आणि पस्तीस रुपयांनी अकरा मोळ आणतो. तो खर्च कार्यालयीन स्टेशनरीत जातो. मेमध्ये निकाल लागला, पंपांच्या धंद्यात ‘उल्लेखनीय पुनरागमन’ झाल्याचं छापून आलं, आणि मोठमोठ्या म्युच्युअल फंडांनी कंपनीचे शेअर उचलले.

तुम्ही म्हणाल, त्या मुलाने सही करायला नको होती. बरोबर आहे. पण जूनमधल्या एका सकाळी चहा पिता पिता तुम्ही फोन उघडून तुमच्या फंडाचा आकडा पाहिलात. तो हिरवा होता. तुम्ही बायकोला दाखवलात, ‘मी म्हटलं नव्हतं?’ असंही म्हणालात. कशामुळे हिरवा, हे मात्र कोणाला विचारलं नाहीत. शशांकने तुमचा हिस्सा काढून ठेवला आहे. अठरा वर्षं, रोज त्या चारशेपैकी पावणेदोन मोळ. न्यायला कधी येताय? येताना सुटे पैसे आणा.