नरहरमामांची चुकलेली बोट

आमचे नरहरमामा उभ्या जन्मात कुठे वेळेवर पोचले नाहीत, आणि तरी त्यांचं कधी काही चुकलं नव्हतं. हे कसं काय, असं तुम्ही विचाराल. तुम्ही हैदराबादचे नाही म्हणून विचाराल. निजामाच्या राज्यात ओळखीच्या माणसासाठी सगळंच थांबायचं, आणि सुलतान बाजारापासून बेगम बाजारापर्यंत मामांना न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता.

मामा मालगुजारीच्या दफ्तरात सरिश्तेदार, म्हणजे सगळ्या कारकुनांचे वरचे. दफ्तर भरायच्या वेळेला हे घरी शेरवानीची बटणं उघडी टाकून पान जमवत बसलेले. मामी फार लवकर गेल्या, त्यामुळे घाई करायला घरात एक मुलगी सुधा तेवढी. ती म्हणायची, "बाबा, उशीर झाला." मामा पानाला चुना लावत सावकाश म्हणायचे, "ठैरती जी, कां जाती?" थांबेल हो, जातंय कुठं. टांगा असो, कोर्टातली तारीख असो की पंगतीतला भात असो, मामांचं उत्तर हेच. त्यांच्या स्वतःच्या लग्नात हे डोक्याला दस्तार, म्हणजे निजामी पागोटं, बांधत बसले आणि मुहूर्त टळला. भटजींनी पंचांग उलटसुलट करून पुढचा काढला आणि हा आधीच्यापेक्षा चांगला आहे असं वर सांगितलं. मग माणूस सुधारणार कसा?

पुढे सुधाचं लग्न झालं. जावई आफ्रिकेत मोंबासाला डॉक्टर. तो पुढं गेला होता, आणि सुधा सासरच्या मंडळींकडे गिरगावात राहून मागनं बोटीनं जायची होती. एकदा गेली की चार-पाच वर्षं तरी परत येणं नाही. मामांनी तिला बजावलं होतं, "तुला बोटीवर मीच चढवणार. माझी भेट झाल्याशिवाय जायचं नाही."

शनिवारी दुपारी बोट. मामांना वेळेवर पोचवायचं काम माझ्या आईनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, माझ्यावर टाकलं. "वामन, बोट चुकली तर मला तोंड दाखवू नकोस." मी शाळामास्तर. वर्गभर पोरं एका डोळ्यानं गप्प बसवणारा. म्हटलं, एक मामा ते काय.

निघायच्या दिवशी टांगा मी चांगला लवकर आणवला. मामांनी तो बेगम बाजाराकडे वळवायला लावला. सुधाला परमुलखात मसाला कोण देणार? दुकानदारानं आम्हाला गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि धन्यांची एकेक मूठ नाकाशी धरून वास द्यायला लागला. मी म्हणतोय, "मामा, गाडी." मामा म्हणतायत, "ठैरती रे. हे धने बघ."

आणि गाडी ठैरली होती की! नामपल्लीला गार्ड हिरवं निशाण काखेत मारून आमचीच वाट बघत उभा. "आइये सरिश्तेदारसाब, बस आपकाच इंतजार था." डब्यात कुणी कपाळाला आठी घातली नाही. उलट दोघांनी सामान आत ओढून घेतलं आणि सुधाची चौकशी केली. विकाराबादला मामांचे जुने दोस्त तहसीलदार पुरणपोळ्यांचा डबा घेऊन हजर. वेटिंग रूममध्ये पानं मांडली गेली. माझा घास घशात आणि डोळे इंजिनाकडे. गार्डही पोळीला बसला, तेव्हा मात्र मी हात टेकले आणि आणखी तूप वाढून घेतलं.

वाडीला आमची निजामाची गाडी सोडायची आणि इंग्रज कंपनीची मुंबईची मेल धरायची. मेल धूर सोडत उभीच होती. मी सामान चढवलं, जागा धरली, वळून बघतो तर मामा नळावर चुळा भरतायत. मी दारातून हाका मारतोय. मामांनी ओला हात वर करून गोऱ्या गार्डाला सांगितलं, "जरा ठैरो साब, कुल्ली कर लेतूं."

गार्डानं मामांकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि शिट्टी मारली. मी आधी ट्रंक फेकली, मग मसाला फेकला, मग स्वतः उडी टाकली. मेल गेली. मामांच्या हनुवटीवरनं पाणी ठिबकत होतं.

"वामन," ते म्हणाले, "ही गेली की रे." आणि थोड्या वेळानं, "मला बघूनसुद्धा गेली."

पुढची गाडी पॅसेंजर. ती मात्र एक नंबरची थांबणारी. झाड दिसलं थांब, शेळी दिसली थांब, मालगाडीला वाट द्यायला माळावर तास-तास थांब. आणि दर थांब्याला खिडकीतनं धड बाहेर काढून कोण ओरडत होतं सांगू? आमचे मामा. "अब कायकू ठैरी? चलाव ना जी!" शेजारच्या सोलापूरकर म्हाताऱ्यानं सांत्वन केलं, "सावकाश जाऊ हो, घाई काय आहे." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुण्यापर्यंत बोलला नाही. मला हसू आवरेना. पण पुणं मागं पडलं तरी त्यांनी पानाचा डबा उघडलेला नव्हता, आणि मग माझंही हसू गेलं.

मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडीवाल्याला मामा म्हणाले, "जल्दी." हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. गोदीच्या दारापासून ते चक्क पळाले. शेरवानीचा घेर एका हातात, दस्तार दुसऱ्या हातानं दाबलेली, मागून धन्यांचा वास सोडत मी. हमाल हसून बाजूला होत होते. गोदी संपली आणि पुढं पाणीच पाणी. बोट पार लांब गेली होती, नुसता धूर दिसत होता.

सुधाचा धाकटा दीर आमची वाट बघत मागं थांबला होता. तो म्हणाला, "वहिनी कठड्याशी उभ्या होत्या. सगळे आत गेले तरी हलल्या नाहीत. मला वरून ओरडून सांगत होत्या, बाबांना जरा उशीर होतोच, तू थांब, ते येतीलच."

मला वाटलं, आता मामा बोटीला, कप्तानाला, सगळ्या इंग्रजी राज्याला चार शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते गोदीच्या दाराशी चहाच्या दुकानात गेले आणि मूठ मिटून परत आले.

"वामन, हात पुढं कर."

मला कळेना. मी हात केला.

"परीक्षेला जायची असू दे, सासरला निघायची असू दे, तिच्या हातावर साखर ठेवल्याशिवाय मी पोरीला कधी घराबाहेर पडू दिलेलं नाही. तिची आई ठेवायची, मग मी ठेवायला लागलो. आज कोरड्या हातानं गेली रे." त्यांनी मूठ पुढं केली. "तू जरा वेळ सुधा हो."

मी तिशीचा बाप्या, झुबकेदार मिशा, तोंडावर इंजिनाची काजळी. हमाल टकामका बघत होते. दीर बिचारा समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मामांनी माझ्या तळव्यावर साखर ठेवली. अर्धी वाऱ्यानं उडाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "वेळेवर जेवत जा. अंगावर दुखणं काढू नकोस. आणि जाते म्हणू नये, बाई. येते म्हणावं."

मी साखर तोंडात टाकली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, "येते, बाबा."