एकोणसाठ जास्तीची मतं

निवडणूक घ्यावी तर ती दिनेश निकम सरांनीच, असं नाशकात एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे खुद्द निकम सर. नाशिकरोडच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे, पण ते पोटापाण्यापुरतं. खरा जीव रमायचा तो इलेक्शन ड्युटीत. निवडणूक जाहीर झाली की शाळेतले बाकीचे शिक्षक पित्ताशयातले खडे, मेव्हणीचं लग्न, चक्कर येण्याचे दाखले असं काय काय गोळा करून ड्युटी रद्द करण्यासाठी तहसील कचेरीकडे धावायचे. निकम सरांचा आदेश मात्र एक दिवस उशिरा आला तरी त्यांना जेवण जायचं नाही. नऊ निवडणुका त्यांनी घेतल्या होत्या आणि एकाही निवडणुकीत एका मताचा फरक नव्हता!

प्रशिक्षणाला ते पहिल्या रांगेत बसायचे आणि शिकवणाऱ्यालाच दुरुस्त करायचे. गेल्या वेळी तर समोरचा अधिकारी कंटाळून म्हणाला, की सर, तुम्हीच या पुढे. ते खरोखरच गेले आणि दीड तास बोलले. निवडणूक आयोगाने प्रत्येक गोष्टीचा विचार करून ठेवलाय, आपण फक्त पुस्तिकेप्रमाणे वागायचं, चूक होऊच शकत नाही, हे त्यांनी त्या दीड तासात अकरा वेळा सांगितलं.

यंदा त्यांना केंद्र मिळालं ते शहरापासून वीस किलोमीटरवरच्या, फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या एका गावातल्या शाळेत. हाताखाली तिघं. बँकेतली अंजली यादीत मतदाराचं नाव शोधणार, महापालिकेतला धम्मपाल नोंदवहीत सही घेऊन बोटाला शाई लावणार, आणि आरोग्य खात्यातल्या ललिताताई मशीनचं बटण दाबून मतदाराला मत द्यायला मोकळं करून देणार. स्वतः निकम सर केंद्राध्यक्ष, म्हणजे त्या खोलीपुरते राजेच.

सकाळी साडेपाचला दोन मुख्य उमेदवारांचे प्रतिनिधी हजर झाले. एक लहानू, गुलाबाचं पॉलिहाऊस असलेला. दुसरा मल्हारी, टोमॅटोवाला. दोघं चुलतभाऊ, आणि बांधावरून सोळा वर्षं अबोला. दोन अपक्षही उभे होते, पण त्यांना प्रतिनिधी म्हणून यायला कोणी मिळालं नव्हतं.

आता मॉक पोल घ्यायचा होता. म्हणजे मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर लुटुपुटीची पन्नास मतं टाकायची, मशीनवर निकाल काढून दाखवायचा, आणि मग क्लिअरचं बटण दाबून ती सगळी मतं पुसायची. मशीन शून्यावर आलं की खरं मतदान सुरू. चार उमेदवार आणि एक नोटा, प्रत्येकी दहा मतं, असा निकम सरांचा साधा सरळ बेत होता. अपक्षांची आणि नोटाची बटणं लहानू आणि मल्हारीने आळीपाळीने दाबायची होती.

लहानू पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला, बराच वेळ तिथेच राहिला आणि बाहेर आला. मग मल्हारी गेला. पन्नास मतं झाली. मशीनला जोडलेल्या डब्यात प्रत्येक मताची चिठ्ठी पडते, त्या चिठ्ठ्या धम्मपालने काढून टेबलावर मांडल्या. लहानूच्या उमेदवाराला एकवीस, मल्हारीच्या उमेदवाराला बारा, उरलेली सतरा बाकीच्यांत!

मल्हारीचा चेहरा उतरला. निकम सरांनी लहानूला विचारलं, की अपक्षांची बटणं तुला दाबायला सांगितली होती, त्याचं काय झालं?

"साहेब, तुमी सांगितलं खरं, पण बोट वळंना. आजवर आपल्या बोटानं दुसऱ्याला मत दिलेलं नाय. मॉक असलं म्हनून काय झालं?"

मल्हारी म्हणाला, की हे असलं मी खपवून घेणार नाही, पहाटे पहाटे माझा माणूस पडला, आता गावभर होणार. निकम सरांनी त्याला समजावलं की ही मतं खरी नाहीत. तो म्हणाला, खरी नाहीत तर मला नऊ अजून द्यायला तुमचं काय जातं? साडेसहा वाजून गेले होते. बाहेर रांग लागली होती. बायकांना मतदान उरकून फुलं तोडायला जायचं होतं, त्यांचा गलका खोलीत ऐकू येत होता. निकम सरांनी कपाळाला हात लावला आणि मल्हारीला नऊ वेळा बटण दाबू दिलं. पुन्हा चिठ्ठ्या मोजल्या. एकवीस, एकवीस. दोघा चुलतभावांनी एकदाचा श्वास सोडला.

समेट झाला म्हणून निकम सर इतके खूश झाले की विचारू नका. चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घातल्या, पाकीट सील केलं. मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर भराभर सह्या घेतल्या, स्वतःचीही ठोकली. मशीनला हिरवी पट्टी, दोरा, लाख, सगळं झोकात झालं. बरोबर सातला दार उघडलं.

एवढ्या गडबडीत एकच गोष्ट राहिली होती. पण ती कुठली, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

नऊ वाजता मतदानाचा पहिला आकडा कळवायचा असतो. धम्मपालने नोंदवहीतला आकडा सांगितला, त्र्याऐंशी. निकम सरांनी पद्धतीप्रमाणे मशीनवरचं टोटलचं बटण दाबलं.

एकशे बेचाळीस.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. एकशे बेचाळीस. पुन्हा दाबलं. मशीन आपल्या मतावर ठाम होतं. निकम सरांच्या पाठीवरून घाम निघाला तो थेट कमरेपर्यंत गेला. त्र्याऐंशी माणसं आत आली आणि एकशे बेचाळीस मतं पडली! म्हणजे एकोणसाठ माणसं अशी होती, की जी कोणाला न दिसता आली, सही न करता मत देऊन गेली आणि शाईसुद्धा लावून घेतली नाही.

पन्नास मतं जास्त आली असती तर कदाचित डोक्यात उजेड पडला असता. पण एकोणसाठ या आकड्याचा सकाळच्या भानगडीशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. समेटाची नऊ मतं ते कधीच विसरले होते.

त्यांनी मतदान थांबवलं. आधी आडोशामागे डोकावून पाहिलं. मग टेबलाखाली. मग खिडकी तपासली, तिला गज होते आणि बाहेरून फळा लावलेला होता. दारावरच्या हवालदाराला शाळेभोवती दोन चकरा मारायला पाठवलं. मग त्यांची नजर ललिताताईंवर गेली. त्यांनी हळूच विचारलं, की ताई, बटण चुकून दोनदा दाबलं जातंय का तुमच्याकडून? ललिताताईंनी बावीस वर्षं पोरांना पोलिओचे डोस दिले होते, एकालाही कधी दोनदा दिला नव्हता. हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की ते रांगेत ऐकू गेलं.

रांगेत ऐकू गेलं आणि संपलंच. शाळेच्या फाटकापर्यंत जाताना एकोणसाठची एकशे एकोणसाठ झाली, मारुतीच्या देवळापाशी पाचशे. कोथिंबिरीचा टेम्पो मार्केटला निघाला होता तो चौकात थांबला. मशीन मुंबईहून कोणीतरी चालवतंय अशी बातमी घेऊन तिघं मोटारसायकलवर पलीकडच्या गावाला गेले. लहानू आणि मल्हारी एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते, की हवालदार दोघांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

पाऊण तासाने झोनल अधिकारी आला. महेश त्याचं नाव, जलसंपदा खात्यातला तरुण इंजिनिअर, दहा केंद्रं त्याच्याकडे होती. निकम सरांच्याच त्या दीड तासाच्या भाषणाला तो तिसऱ्या रांगेत बसलेला. त्याने मशीन पाहिलं, नोंदवही पाहिली, आणि अगदी अदबीने विचारलं,

"सर, मॉक पोलनंतर क्लिअर किती वाजता केलं?"

निकम सरांनी सकाळचं प्रमाणपत्र पुन्हा समोर ओढलं.

चिठ्ठ्या मोजून भांडण मिटलं, म्हणून मशीनवरचा निकाल काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. निकालच काढला नाही, तर क्लिअर कुठून होणार? लुटुपुटीची एकोणसाठ मतं मशीनच्या पोटात तशीच बसून होती आणि त्यांच्यावर लोक सकाळपासून खरी मतं टाकत होते. आणि मशीन शून्यावर आणल्याच्या कागदावर निकम सरांची मोठी, वळणदार सही होती!

ते बाकावर बसले. पोरांचा बाक, गुडघे छातीला लागले. नोटीस दिसली, निलंबन दिसलं, पेपरात नाव दिसलं, पेपर वाचणारी छाया दिसली. छाया म्हणजे त्यांची बायको, आणि हे सगळ्यात वाईट होतं.

तेवढ्यात सोळा वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. लहानू आणि मल्हारी कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी बोलले आणि जोडीने निकम सरांकडे आले. त्यांचं म्हणणं असं, की दोघांची मतं सारखीच आहेत, एकवीस आणि एकवीस, त्यामुळे कोणाचंच नुकसान नाही. गावातली साठ-सत्तर माणसं पुण्याला आणि मुंबईला कामाला आहेत, ती काही येत नाहीत. त्यातली एकोणसाठ नावं नोंदवहीत लिहून टाकायची, आकडा जुळला, विषय संपला.

"साहेब, आमी दोघं तयार हाय म्हनल्यावर तक्रार करनार कोन?" लहानू म्हणाला.

महेश छताकडे बघू लागला. निकम सरांच्या हातात पेन होतं आणि नोंदवही समोर होती. खोटं कशाला सांगू, त्यांनी मनातल्या मनात ओळी मोजल्या. पाच पानांत बसलं असतं.

दारात नवसाबाई येऊन उभ्या राहिल्या. सकाळचं तिसरं मत त्यांचं होतं. ऐंशीच्या घरातल्या, रोज पहाटे झेंडूची पाटी घेऊन मार्केटला जाणाऱ्या. त्या बातमी ऐकून अर्ध्या रस्त्यातून परत आल्या होत्या.

"बाबा, माझ्या मतात दुसऱ्याचं काय मिसळलं का?"

निकम सर म्हणाले, की आजी, तसंच झालंय, पण आम्ही बघतो काहीतरी.

"बघू नको. माझ्या पाटीत कुनी शिळी फुलं मिसळली, तर ती पाटी मी माझी म्हनून इकत नाय. खाली वतते आन् पुन्ना भरते. मला चालत यावं लागलं तरी मी परत येईन, पन मत माझं माझं पाहिजे."

निकम सरांना लाज वाटली. सरळ, पोटातून लाज वाटली. त्यांनी नोंदवही बाजूला सारली, केंद्राध्यक्षाची दैनंदिनी ओढली, आणि आपल्याकडून क्लिअर करायचं राहिलं, प्रमाणपत्रावर न बघता सही केली, हे सगळं आपल्याच वळणदार अक्षरात लिहून काढलं. ते मशीन सील करून बाजूला ठेवलं. महेशच्या गाडीतून राखीव मशीन आलं. त्याच्यावर मॉक पोल झाला तेव्हा निकम सरांनी क्लिअरचं बटण दाबून टोटल शून्य आली का हे सात जणांकडून वाचून घेतलं, त्यात हवालदारही होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयोगाचा आदेश आला. त्या एका केंद्रावर फेरमतदान! एका विसरलेल्या बटणासाठी नवी माणसं, नवं मशीन, दुप्पट बंदोबस्त आणि बाहेर टीव्हीच्या दोन गाड्या. पहिली शाई अजून गेली नव्हती म्हणून या वेळी लोकांच्या मधल्या बोटाला शाई लागली. मतदान आधीपेक्षा शंभराने वाढलं, आणि नवसाबाईंनी रांगेत पहिला नंबर लावला, अशी बातमी पेपरात होती. त्याच बातमीत निकम सरांचं नाव होतं. छायाने ती मोठ्याने वाचली, दोनदा.

चौकशी झाली. स्वतःहून खरं लिहिलं म्हणून ताकिदीवर सुटका झाली, पण निवडणूक कामाच्या यादीतून नाव कायमचं कापलं गेलं. निकम सरांना रडू यायचं बाकी होतं, आणि शिक्षक खोलीत मात्र त्यांचं अभिनंदन चाललं होतं. दोघांनी तर त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की सर, ते न दाबायचं बटण नक्की कुठलं?

पुढच्या निवडणुकीला अख्खी शाळा ड्युटीवर गेली आणि निकम सर आयुष्यात पहिल्यांदा साध्या मतदारासारखे छायाबरोबर रांगेत उभे राहिले. केंद्राध्यक्ष म्हणून तेजल नावाची एक तरुण शिक्षिका होती. निकम सरांचं नाव सापडलं, सही झाली, शाई लागली. आता आडोशामागे जायचं तेवढं राहिलं होतं. पण पाय हलेनात. सकाळपासून दाबून ठेवलेला प्रश्न तोंडातून बाहेर पडलाच.

"मॅडम, मॉक पोलनंतर क्लिअर केलंत ना?"

सगळे प्रतिनिधी खाडकन उभे राहिले. एकाने फोनच लावला. तेजलने केलंय म्हणून सांगितलं, पण आता ऐकतंय कोण? मतदान थांबलं. नोंदवहीतला आकडा मोठ्याने वाचला गेला, दोनशे चौदा. टोटलचं बटण दाबलं गेलं. दोनशे तेरा!

एक मत कमी! निकम सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. धावत जाऊन खिडकी तपासली. प्रतिनिधींना ते सांगू लागले, की घाबरू नका, मला याचा अनुभव आहे. पाच मिनिटं सगळं केंद्र ते एक मत शोधत होतं.

तेजलने नोंदवहीतली शेवटची सही नीट वाचली आणि चष्मा खाली करून त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, दोनशे चौदावे तुम्हीच आहात. आधी आत जाऊन मत द्या. आणि मग मला तुमचं पूर्ण नाव सांगा, दैनंदिनीत लिहायचंय."