निळ्या उजेडाचे एकोणतीस गिअर

"धूर गं धूर गं, डोळ्यांना पूर गं, भाकरीला पूस गं, आग किती दूर गं."

रत्नागिरीकडच्या एका स्वयंपाकघरात नूरीखाला चूल फुंकता फुंकता हे गुणगुणायची आणि शेजारी बसलेल्या भाच्याला सांगायची, "मज्या, दिसतो तो धूर. आग भाकरीला कळते."

नूरीखाला शाळेत गेली नव्हती. त्यामुळे जे दिसत नाही ते झालेलंच नसतं, हे सर्व थोर संस्थांचं मूलतत्त्व तिला ठाऊक नव्हतं. मजीदला ते तीस वर्षांनी, कतारमधल्या दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात कळलं.

कारखाना लिफ्टचे गिअर बनवायचा आणि मजीद तिथे इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगच्या मशीनवर ऑपरेटर होता. मशीन म्हणजे एक जाडजूड पोलादी कपाट. पंपाने त्यातली हवा पार उपसून काढायची, मग वरून इलेक्ट्रॉनांचा केसाएवढा झोत सोडायचा. पोलाद लोण्यासारखं वितळतं, दोन तुकडे एकजीव होतात. ना धूर, ना ठिणगी. हवा जितकी कमी तितका झोत दिसेनासा, आणि जोड तितका पक्का. मशीनमध्ये दोष असा हा एवढाच.

पहिलं शिष्टमंडळ आलं. काचेला नाक लावून म्हणालं, "यल्ला, सुरू करा."

"झालं, साहेब," मजीद म्हणाला.

शिष्टमंडळ दुखावलं. मॅनेजर विजय (मूळचे पुण्याचे, हल्ली अल थुमामाचे, त्यामुळे दोन्हीकडून अचूक) यांनी तातडीने अहवाल केला. पाहुणे मशीन बघतात सरासरी अकरा सेकंद, चहाचा कप बघतात चार मिनिटं. यावर उपाय मजीदच्याच तोंडून निसटला. कपाटात थोडी हवा राहू दिली, की झोत निळा दिसतो.

"पण साहेब, मग जोडाला घावनासारखी जाळी पडते."

"वरून दिसते का, मजीदभाई?"

"वरून नाय. आतून."

"मग खलास!"

अशा रीतीने दृश्यता धोरण (आवृत्ती तीन, पहिल्या दोन कोणी पाहिल्या नाहीत) अमलात आलं. पाहुण्यांच्या दिवशी निळा झोत, इतर दिवशी नुसतं काम. समाधानाचा निर्देशांक बारावरून चौऱ्याण्णववर गेला. एक्स-रेमध्ये जाळी दिसली असती, म्हणून निळ्या गिअरना एक्स-रे माफ झाला. पाहुण्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू पुन्हा तपासणं हा आतिथ्यधर्माचा भंग नव्हे का? तेव्हा दाखल्यावर फक्त ऑपरेटरची सही लागे.

मजीद सही करी. नजमा वस्तीतल्या त्याच्या खोलीत सात खाटा होत्या आणि सातांच्या मिळून एका खिडकीत गावाकडची बायको जैतून आणि सात वर्षांची लेक अलीजा रोज संध्याकाळी मोबाइलमधून मावत. सुपरवायझरच्या बढतीचं पत्र मिळालं तर फॅमिली व्हिसा. आणि पत्र विजयसाहेबांच्या खणात.

पहिला निळा गिअर कंपनीने अभिमानाने आपल्याच ऑफिसच्या लिफ्टला बसवला, वर पितळी पाटी लावली. त्या दिवसापासून मजीद चार मजले जिन्याने चढू लागला. आरोग्य समितीच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्याला 'जिनावीर' पुरस्कार मिळाला. भाषणाचा आग्रह झाला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "शुक्रन."

अकरा महिन्यांनी पत्र मिळालं. जैतून आली, अलीजा आली, आणि लगोलग कंपनीचा कुटुंबमेळावाही आला. बिर्याणी चौथ्या मजल्यावर. लिफ्टला फुगे. विजयसाहेब स्वतः दार धरून उभे.

"या वहिनी, या! सगळं मजीदभाईंचं कर्तृत्व आहे हे."

अलीजा उडी मारून आत गेली आणि पाटीवरून बोट फिरवत म्हणाली, "अब्बा, ह्याच्यात तुमचा निळा उजेड हाय ना?"

जैतूनचं एक पाऊल आत होतं. "चला ना, अलीजाचे अब्बा. खांबासारखे काय उभे ऱ्हायलात?"

याच लिफ्टने अकरा महिने लोकांच्या जैतून आणि लोकांच्या अलीजा वर-खाली केल्या होत्या, आणि मजीद जिन्यावर धापा टाकत त्यांच्यासाठी मनापासून दुआ करत होता. वाचकांनी त्याला इथे खुशाल नावं ठेवावीत. फक्त आपण शेवटची सही काय न बघता केली ते आधी आठवावं, आणि शक्य तो तळमजल्यावर बसून.

मजीदने अलीजाचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. एक फुगा फुटला. डोळ्यांत धूर गेल्यासारखं पाणी होतं, आवाज मात्र स्वच्छ निघाला.

"आत जाळी हाय, साहेब. एकोणतीस गिअरांत हाय. सगळ्यांवर माझी सही हाय. आपल्या इमारतीत हा एकच, बाकीचे अठ्ठावीस लोकांच्या इमारतींत फिरतायत."