मास्तरांचा गुडघा आणि नवा फोन

मास्तरांनी जन्मात कधी कोणाला शिकवलं नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पण गिऱ्हाइकाच्या कानावर काडी नीट बसवता बसवता ते पंख्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत कुठली वस्तू का घ्यावी आणि कुठली का घेऊ नये, हे इतकं समजावून सांगत की लोक त्यांना मास्तरच म्हणू लागले. त्यामुळे नवा फोन बाजारात आला त्या दिवशी तो मास्तरांच्या खिशात नसता तरच नवल.

संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचं मत येऊन पडलंसुद्धा. 'कॅमेरा अप्रतिम. आवाज खणखणीत. सविस्तर आठवडाभर वापरून कळवतो. तोवर कोणी घाईने घेऊ नये.' घाई कोणालाच नव्हती. पण मास्तरांना जबाबदारीची जाणीव होती.

रविवारी त्यांची थोरली बहीण आणि भावोजी घरी आले, तेव्हा फोन टेबलावर पाहुण्यासारखा बसवलेला होता.

"ताई, याची खरी गंमत वेगळीच आहे," मास्तर म्हणाले. "आपण जोरात पडलो की याला कळतं. तो विचारतो, ठीक आहात का? आपण गप्प राहिलो, तर घरच्यांना आपला पत्ता पाठवतो आणि फोनही लावतो."

"मग आधी ते चालू करा," त्यांची बायको म्हणाली. "तुमच्या त्या गुडघ्याचा काय भरवसा."

मास्तरांनी जागच्या जागी बायको, ताई आणि भावोजी असे तिघांचे नंबर घातले, उशीवर फोन आपटून पाहिला आणि तो ओरडल्यावर मुलगा पहिला आल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं.

आता गुडघ्याविषयी. वर्षभरापूर्वी तो खरंच दुखत होता. डॉक्टरांनी महिन्याभरात तो बरा केला. मास्तरांनी मात्र ही बातमी घरी पोचू दिली नाही. दुखत्या गुडघ्याचे फायदे त्यांच्या ध्यानात आले होते. बाजारातल्या पिशव्या बायको आणत होती. माळ्यावरचं सामान कोणीतरी दुसरंच काढत होतं. ताईच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन भावोजींचं आरोग्यावरचं प्रवचन ऐकावं लागत नव्हतं. उलट तेच उतरून इकडे येत. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर 'फिजिओथेरपी'ला जात. ही थेरपी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉलमध्ये, हातात बॅडमिंटनची रॅकेट घेऊन, एका शिंप्याविरुद्ध चालायची.

त्या मंगळवारी मास्तर नवा फोन चड्डीच्या चेनच्या खिशात घालूनच कोर्टवर उतरले. खेळताना शरीराची किती शक्ती खर्च होते ते फोन मोजतो म्हणे, आणि त्याबद्दल ग्रुपला काहीतरी कळवणं भाग होतं. सामना चुरशीचा झाला. शिंप्याने जाळीला लागून एक फूल अलगद टाकलं. मास्तर सुरुंग लागल्यासारखे पुढे झेपावले, फूल उचललं, पॉइंट घेतला आणि पोटावर सपशेल आपटले.

खिशातल्या फोनने अदबीने विचारलं, ठीक आहात का? पण शेजारच्या कोर्टवर आरडाओरडा चालला होता. मास्तर तर ठणठणीत होते. ते उठून पुन्हा खेळायलाही लागले.

इकडे घरी बायकोचा फोन वाजला. तेव्हा ताई आणि भावोजी तिथेच चहा पीत होते, आणि त्यांच्याही खिशात-पर्समध्ये एकदम टिंगटिंग झालं. 'जोरात पडले आहेत. प्रतिसाद देत नाहीत.' खाली पत्ता. तेवढ्यात फोनही लागला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

आधी धापा ऐकू आल्या. मग धपधप पाय आपटल्याचा आवाज. मग एक अनोळखी पुरुष म्हणाला, "आज काही तुम्हाला सोडत नाही, मास्तर."

"मेलो," मास्तरांचा आवाज आला. "गेली, गेली..."

"काय गेली?" ताई कुजबुजली.

"शुद्ध," भावोजी म्हणाले.

बायको एव्हाना चपला घालत होती. भावोजींनी शेजारच्या आजोबांची घडीची व्हीलचेअर मागून घेतली, ती रिक्षात उभी घातली आणि स्वतः तिच्या चाकाखाली बसले. वाटभर स्पीकर चालूच होता. "मारा, मारा, समोर उभाच आहे," असं मास्तर धापा टाकत म्हणाले, तेव्हा बायकोने रिक्षावाल्याच्या खांद्याला धरून त्याला जोरात हाकायला लावलं.

हॉलचं दार ढकलून तिघं आत शिरली, तेव्हा मास्तर हवेत होते. दोन्ही पाय जमिनीपासून चांगले वर, रॅकेट डोक्यामागे, चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. स्मॅश बसला. मास्तर खाली आले, वळले आणि त्यांना दारात बायको दिसली. तिच्यामागे ताई. तिच्यामागे व्हीलचेअर.

माणसाची सवय कशी असते पाहा. मास्तरांनी त्याच क्षणी तोंड वाकडं केलं, गुडघा धरला आणि हळूहळू जमिनीवर बसले.

बायको जवळ आली.

"उजवा होता ना?" तिने विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. हात डाव्या गुडघ्यावर होता.

"आता... इकडेही आलंय," ते म्हणाले.

बिचारा शिंपी मदतीला धावला. "वहिनी, काही घाबरू नका. यांचा गुडघा म्हणजे लोखंड आहे. गेले कित्येक महिने आम्ही खेळतोय, एक मंगळवार चुकला नाही की शुक्रवार."

शेजारच्या कोर्टवरचेही थांबून बघू लागले. बायकोने पर्स काखेत नीट घेतली, व्हीलचेअर उघडली, चाकाला ब्रेक लावून पाहिला आणि स्वतः तिच्यात बसली.

"चला," ती म्हणाली. "पिशव्या उचलून माझे पाय फार दुखतात. घरापर्यंत ढकला. वाटेत बाजार आहे, तिथे थांबा."

चड्डीवर, घामाने निथळत मास्तर भर रस्त्यातून खुर्ची ढकलू लागले. बाजारात बायकोने मांडीवर मावेल तेवढं घेतलं आणि न मावणारं त्यांच्या गळ्यात अडकवलं. ओळखीची गिऱ्हाइकं चष्मे वर करून बघत होती.

ताई मात्र कसल्यातरी विचारात होती. चालता चालता ती म्हणाली, "एक सांग. फोन कसा वाटला तुला? म्हणजे एकूण?"

मास्तरांनी वर पाहिलं. ताईच्या मागून भावोजी चालले होते. हे भावोजी एरवी रोज संध्याकाळी जेवणापर्यंत 'वाचनालयात' असत. ते दोन्ही हात जोडून, मान जोरजोरात हलवून मास्तरांना काहीतरी विनवत होते.

आपण घेतलेल्या वस्तूला मास्तरांनी आजवर कधी नावं ठेवली नव्हती. पण भावोजींचा चेहरा त्यांना बघवेना.

"एकदम भिकार," ते म्हणाले. "मुळीच घेऊ नकोस."

"असं का?" ताई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "चला हो, दुकान अजून उघडं असेल."

"अगं, तो भिकार म्हणतोय ना."

"म्हणूनच," ताई म्हणाली.