नवव्या धड्यास चर्चची हरकत

हरकत नसणं ही कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने अत्यंत गंभीर बाब आहे. हरकत असली की ती कागदावर येते, तिला क्रमांक मिळतो, तिच्यावर बैठक बसते आणि चार माणसांच्या चहाची सोय होते. हरकतच नसली तर काम कोणाच्या जबाबदारीवर करायचं हे सांगायला कोणी पुढे येत नाही. जगातली बरीच चांगली कामं निव्वळ कोणाची हरकत नसल्यामुळे अडून राहिली आहेत.

जीवशास्त्राच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. चर्चने चालवलेल्या त्या शाळेत त्यांना लागून पावणेदोन वर्षं झाली होती. दोन वर्षं भरली की त्या कायम होणार होत्या आणि त्याला अट एकच होती: शेवटच्या वर्गाचे जीवशास्त्राचे सगळे धडे शिकवून झाल्याची नोंद. नवऱ्याचा छापखाना बंद पडल्यापासून घर बाईंच्याच नोकरीवर चाललं होतं. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द त्या दोन खोल्यांत दिवसातून पाच वेळा उच्चारला जाई (तीनदा नवरा, दोनदा घरमालक).

घोडं अडलं ते नवव्या धड्यापाशी. धड्याचं नाव ‘सजीवांची उत्क्रांती’, पृष्ठं एकशे तेरा ते एकशे सव्वीस. हा धडा शिकवण्याची शाळेची स्वतःची एक पद्धत होती. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकं वाटण्याआधी शिपाई या चौदा पानांना वर एक आणि खाली एक अशा स्टेपलरच्या दोन पिना मारत असे. वर्षाला एकशे ऐंशी पुस्तकं, तीनशे साठ पिना. बावीस वर्षांत सात हजार नऊशे वीस. हा आदेश कोणी दिला ते कोणालाच सांगता येत नव्हतं, पण पिनांची मागणी दरवर्षी न चुकता मंजूर होत होती.

आठव्या धड्याला मात्र पिना नव्हत्या. तो आनुवंशिकतेचा होता आणि त्यात मठाच्या बागेत वाटाणे मोजत बसलेल्या एका धर्मबंधूचं चित्र होतं. नवव्यात माकडाचं होतं. (चित्रावरून धडा ओळखण्याची ही कला शिक्षणशास्त्रात अजून यायची आहे.)

बाईंनी वर्गात पहिल्याच तासाला मुलींकडून पिना काढून घेतल्या. दोन तासांत मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं.

“माझं व्यक्तिशः काही म्हणणं नाही हो बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “माणूस माकडापासून झाला हे मी तर रोज मधल्या सुट्टीत बघतो. पण चर्चला काय वाटेल?”

“काय वाटतं चर्चला?”

“आता ते विचारायला कोण जाणार?”

चर्च पटांगणाच्या पलीकडे होतं, मुख्याध्यापकांच्या खुर्चीपासून ऐंशी पावलांवर. बावीस वर्षांत ती ऐंशी पावलं कोणी चाललं नव्हतं. बाई चालल्या.

फादर शाळेचे व्यवस्थापक होते. त्यांच्या टेबलावर विजेच्या बिलांवर दाब म्हणून एक दगड झालेला शंख होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. बाईंचं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“हरकत? आमची?” ते म्हणाले. “अहो, पोपसाहेबांनी ही वाट मोकळी केली त्याला कित्येक दशकं झाली. शरीर कसकसं घडत आलं ते तुम्ही शोधा, पुरावे तपासा. आत्मा थेट देवाकडून येतो, एवढं आम्ही धरून आहोत. आणि तो काही तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली यायचा नाही, म्हणजे भांडायला जागाच कुठाय?”

“आणि ते सहा दिवस, फादर?”

“उत्पत्तीचं पुस्तक हे जीवशास्त्राचं पुस्तक नव्हे. हे सगळं कोणी केलं आणि कशासाठी, ते त्यात आहे. कसं केलं ते तुमच्याकडे. एक खरं दुसऱ्या खऱ्याशी मारामारी कशाला करेल?”

त्यांनी तिथल्या तिथे चर्चच्या कागदावर लिहून दिलं: ‘नववा धडा शिकवण्यास आमची हरकत नाही, कधीही नव्हती.’ बाईंना इतका आनंद झाला की परत येताना त्यांनी पावलं मोजली नाहीत.

कागद हेडक्लार्कपुढे गेला. त्यांना सगळी शाळा ‘शिक्का’ म्हणे, आणि ते स्वतःही. शिक्क्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

“बाई, हे ‘हरकत नाही’ झालं. मूळ हरकत कुठाय?”

“नव्हतीच.”

“मग नाही कशाला म्हणतायत? हा बघा नमुना सात. रकाना तीन, हरकतीचा क्रमांक. रकाना चार, हरकतीचा दिनांक. हे रिकामे ठेवून मी शिक्का मारला तर उद्या कोणीही उठेल आणि नसलेल्या हरकती मागे घेत सुटेल.”

यात तर्कदृष्ट्या खोट काढणं अवघड होतं. तरी शिक्क्याने माणुसकी म्हणून अडीच दिवस कपाटं उपसली. एकाहत्तर वर्षांच्या दप्तरात चर्चने शाळेवर घेतलेल्या एकूण सहा हरकती सापडल्या: घंटा चार मिनिटं आधी वाजते (दोनदा), मुलांचा चेंडू मिस्साची प्रार्थना चालू असताना आत येतो, चित्रकलेच्या सरांनी संताला स्वतःची मिशी दिली, भूगोलाचे सर स्वच्छतागृहात स्तोत्रं शिट्टीवर वाजवतात, आणि सदर सरांची शिट्टी बेसूर आहे. उत्क्रांतीविषयी काही नाही.

“एक तोड आहे,” शिक्का म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. “चर्चने एक छोटीशी हरकत घ्यावी. सोमवारी घ्यावी, बुधवारी मागे घ्यावी. गुरुवारी तुम्ही शिकवायला मोकळ्या.”

फादर आधी तयार होईनात. “म्हणजे मी खोटं लिहू?”

“खोटं नाही फादर. तात्पुरतं,” सोबत आलेला शिक्का म्हणाला.

बाई शेजारी उभ्या होत्या. फादरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि लेखणी उचलली: ‘नवव्या धड्यास चर्चची हरकत आहे.’ त्याच संध्याकाळी त्यांनी शेजारच्या चर्चमध्ये जाऊन पापनिवेदन केलं. हा बहुधा नमुना सातसाठी झालेला एकमेव पश्चात्ताप असावा.

मंगळवारी हरकत नियमाप्रमाणे फलकावर लागली, आणि गावात इतकं समाधान पसरलं म्हणून सांगू! बावीस वर्षं ज्याची खात्री होती ते एकदाचं लेखी मिळालं. पालक-प्रतिनिधी सकाळीच फादरांचं अभिनंदन करायला हजर झाले. हे गृहस्थ चष्म्याचे दुकानदार.

“फादर, तुम्ही बोललात ते बरं झालं,” ते म्हणाले. “अहो, डोळा आपोआप कसा होईल? साधा चष्मा करायला मला आठ दिवस लागतात. डोळ्यासारखी निर्दोष वस्तू जगात नाही!” (त्यांच्या दुकानात रोज सरासरी चाळीस निर्दोष डोळे दुरुस्तीला येत.)

“पण मला हरकत नाहीये,” फादर म्हणाले.

“समजलं. वरून दबाव आहे. घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.”

“अहो, मीच माझ्या पाठीशी नाहीये!”

रविवारी फादरांनी प्रवचनातून स्वच्छ सांगितलं की श्रद्धा आणि विज्ञान यांत वैर नाही, चर्चला उत्क्रांतीचं वावडं नाही आणि ते पत्र केवळ कार्यालयीन सोय आहे. एवढी गर्दी चर्चमध्ये गेल्या कित्येक नाताळांना झाली नव्हती. लोकांनी मान डोलावून ऐकलं आणि बाहेर पडताना एकमेकांना म्हणाले, “बिचारे! काय काय बोलायला लावतात म्हाताऱ्याला.” संध्याकाळपर्यंत हरकतीच्या पाठिंब्याला दोनशे बारा सह्या झाल्या.

त्याहून मोठा आनंद विज्ञान मंडळाला झाला. मंडळाचे सभासद अडतीस, अध्यक्ष एक निवृत्त अभियंता. ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ हे त्यांचं व्याख्यान अकरा वर्षं समोर विरोधकच नसल्यामुळे कोमेजत चाललं होतं. आता त्यांनी जाहीर निषेध केला. बाई त्यांच्याकडे धावल्या आणि हरकत खरी नसल्याचं त्यांनी परोपरीने समजावलं.

“बाई, तुम्ही भोळ्या आहात,” अभियंता कनवाळूपणे म्हणाले. “चर्चची हरकत असतेच. नाहीतर मग आपण एवढी वर्षं लढलो कोणाशी?”

बाईंनी विचारलं, “तुम्ही नववा धडा वाचलाय?”

“उत्क्रांतीवर माझा पूर्ण विश्वास आहे,” अभियंता म्हणाले.

ठरलेला बुधवार या गोंधळातच निघून गेला होता; पुढच्या बुधवारी फादरांनी हरकत मागे घेण्याचा अर्ज दिला. शिक्क्याने तो खेदपूर्वक परत केला. पन्नासाहून अधिक पाठिंबा असलेली हरकत ही घेणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीची राहत नाही, असा नियम होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. फादरांनी शिक्क्याला एवढंच विचारलं की स्वतःच्या हरकतीवर हरकत घ्यायला कोणता नमुना लागतो. (नऊ. संपलेला होता.)

मग सात जणांची समिती बसली. तिने सर्वप्रथम असं ठरवलं की निकाल लागेपर्यंत वादग्रस्त पानं कोणीही उघडू नयेत. समितीनेही नाही, म्हणजे तिचा निःपक्षपातीपणा अबाधित राहील. पिना परत मारण्यात आल्या.

त्या दुपारी मुख्याध्यापकांनी बाईंना आत बोलावून दार लोटलं. “बाई, कशाला डोक्याला ताप? नोंदवहीत ‘नववा धडा शिकवला’ अशी सही करा. पालक खूश, मंडळ खूश, तुम्ही कायम. सुंठीवाचून खोकला गेला.”

“पण शिकवला कुठे?”

“बावीस वर्षं कुठे शिकवलाय? निकाल शंभर टक्के आहे!”

बाईंनी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसासारख्याच घरी जाऊन सासूबाईंपाशी बसल्या. सासूबाई रोज पहाटेच्या मिस्साला जाणाऱ्या, तीस वर्षांत एक दिवस न चुकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“एका दिवसात केलं काय आणि कोटी वर्षांत केलं काय, देवाला घाई कुठे होती?” त्या म्हणाल्या. “पण न शिकवता शिकवलं म्हणून सही केलीस, तर ते मात्र खोटं होईल गं. ते कोणत्याही पुस्तकात बसायचं नाही.”

 त्या दिवशी नवऱ्याने ‘कायम’ हा शब्द एकदाही काढला नाही, आणि बाईंना त्याच गोष्टीने रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली नाही.

पानं न उघडता समितीचा निकाल लागेना, आता मतदानाखेरीज गत्यंतर नव्हतं. शाळेच्या हितचिंतकांच्या यादीत पाचशे नावं होती. त्यांतल्या दोनशे एक्कावन्नांनी ‘होय’ म्हटलं तर हरकत कायम, अन्यथा रद्द, आणि बाईंनी खुशाल शिकवावं. प्रश्न शिक्क्याने अगदी तटस्थ शब्दांत लिहिला: ‘उत्क्रांती शिकवण्यास चर्चची हरकत असते, असे आपणास वाटते काय?’ पटतं काय हे विचारलं नव्हतं. फक्त वाटतं काय.

दोनशे बारा पालकांनी अभिमानाने ‘होय’ लिहिलं. विज्ञान मंडळाच्या अडतिसांनी संतापाने ‘होय’ लिहिलं. श्रद्धा आणि विज्ञान यांचं एका वाक्यावर इतकं एकमत यापूर्वी कुठे झाल्याची नोंद नाही. ‘नाही’ म्हणणारे तीन निघाले: फादर, बाई आणि सासूबाई. बाकीच्यांनी, आपला काय संबंध, म्हणून कागद परतच केला नाही.

बेरीज दोनशे पन्नास. एक कमी पडत होता. बाई निकालाच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. आतून आकडा ऐकू आला तेव्हा त्यांनी, पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच, पाठ टेकली.

पण यादी तपासताना शिक्क्याच्या लक्षात आलं की शेवटची, पाचशेवी नोंद तशीच राहिली आहे. तिथे नाव नव्हतं; नुसतं ‘सुशिक्षित वाचक (एक)’ असं लिहिलेलं होतं. अशा माणसाला शोधत कुठे फिरणार? आणि त्याला पुन्हा विचारायची तरी गरज काय? ही गोष्ट हातात घेतली, शीर्षकाच्या चार शब्दांवरून नजर फिरवली, तेव्हा त्याला काय वाटलं होतं एवढंच पाहायचं होतं. चर्च म्हटल्यावर हरकत असायचीच, असंच ना? त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यावर काम झालं. हरकत दोनशे एक्कावन्न मतांनी कायम झाली. बाई झाल्या नाहीत. महिनाअखेरीस त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. त्या एका मताला तुमची सही लागली नाही.