जर्मन-स्लोव्हेनियन फौज

"जर्मनमधून स्लोव्हेनियनमध्ये? तेही भौतिकशास्त्र? आजी, निर्धास्त राहा! आमच्याकडे तज्ज्ञांची फौज आहे!" भाषांतर कचेरीच्या मालकाने छाती ठोकून सांगितलं.

फौज कसली डोंबलाची! वेबसाइटवर तसं ठोकून दिलं होतं, एवढंच. असल्या वेबसाइटी लिहिणाऱ्यांना त्यांचीच वाक्यं कोरडी गिळायला लावली पाहिजेत.

म्हातारीने नवऱ्याची वही टेबलावर ठेवली. तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि लिहायचा जर्मनमध्ये. तिला वाचता यायची फक्त स्लोव्हेनियन. आता तो नव्हता, आणि सोमवारी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.

"त्याआधी माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. नंतरचं डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत."

मग सुरू झाली शोधाशोध. भौतिकशास्त्रवाल्यांना स्लोव्हेनियन येईना, स्लोव्हेनियनवाल्यांना भौतिकशास्त्राचं नाव काढताच ताप भरे! शेवटी दोन बायका सापडल्या. एक विद्यापीठाच्या यादीत, दुसरी जुन्या जाहिरातीत. मालकाने पहिलीला ईमेलवर भाषांतराचं काम दिलं, दुसरीला ते तपासायचं. वर बजावलं, "कडक तपासा!"

तपासणी आली. 'घर्षणाचं प्रकरण गाढवासारखं केलंय. शेवटचं वाक्य तर मढं आहे मढं!'

मालकाने भीतभीत पहिलीला कळवलं. उत्तर आलं, 'खरंय. गाढवपणाच झाला. पुन्हा करते.'

"भाषांतरकार आणि चूक कबूल करतो?" मालकाची बायको खुर्चीतून उडालीच. "अहो, यात काहीतरी काळंबेरं आहे!"

असं तीनदा झालं. शनिवारी मालकाने दोघींना समोरासमोर बोलावलं, दोन खुर्च्या मांडल्या. धापा टाकत जिना चढून आली एकच. निवृत्त शिक्षिका, गुडघ्याला पट्टा.

"दुसऱ्या बाई कुठायत?"

"कोण दुसऱ्या? यादीत माझं माहेरचं आडनाव, जाहिरातीत सासरचं. दोन्ही ईमेल माझेच."

"मग ते गाढव...?"

"मीच की! पण माझंच म्हणणं तुम्ही मला परत का कळवताय, ते कळेना. म्हटलं, असेल कचेरीची पद्धत!"

तेवढ्यात आजी आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. तिने भाषांतरातलं थेट घर्षणाचं प्रकरण काढलं, कागद नाकाशी धरला. शेवटच्या वाक्यावर थांबली ती थांबलीच.

"काय लिहिलंय?" मालकाने कुजबुजत विचारलं.

"घर्षण नसतं, तर कुणाला कुणाचा हात धरून ठेवता आला नसता," शिक्षिका म्हणाली. "चौथ्यांदा जमलं."

"अस्साच बोलायचा," आजी म्हणाली, आणि तो कागद तिने काही खाली ठेवला नाही.

मालक गुपचूप संगणकाकडे सरकला, वेबसाइटवरची फौज खोडायला.

"ते राहू द्या!" बायको खेकसली. "तुमची अख्खी फौज जिना उतरतेय, गुडघा दुखतोय तिचा. जा, हात धरा!"