दाजींचा पारा आणि व्हॅनचा दिवा

"पुन्हा लागला!" बेकरीवाल्याने व्हॅन गॅरेजच्या दारातच आडवी उभी केली आणि खाली उतरून दार असं आपटलं, की बाजूचा आरसा लटकला. "मेला पुन्हा लागला!"

लागला होता तो डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा. व्हॅन जुनी होती, पण पाव आणि केक दुकानोदुकानी पोचवणारी तीच एकटी. दुसऱ्या दिवशी तिची सरकारी तपासणी होती. हा दिवा जळत असला की गाडी नापास, आणि नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे भट्टीतला माल भट्टीपाशीच.

गॅरेजवाला त्याचा सख्खा मेव्हणा. त्यामुळे शिव्या घशापर्यंत यायच्या आणि शेजारच्या सीटवरची बायको दिसली की परत पोटात जायच्या.

"दाजी, जरा दमानं घ्या," मेव्हणा स्कॅनर जोडत म्हणाला. "मशीन म्हणतंय, ऑक्सिजन सेन्सर. धुरातली हवा मोजणारा."

"मागच्या वेळी तेच म्हणालं होतं! तू नवा बसवलास!"

"मग नवाच बिघडलेला निघाला असेल."

"आणि त्याच्या आधी प्लग बदललेस, ते कशाला?"

"ते बदलायला झालेच होते. आपण एकेक शक्यता बाद करतोय."

"अरे, शक्यता बाद होता होता माझा धंदा बाद होईल!"

"अहो, माझ्या भावावर कशाला डाफरताय?" बायको आतून म्हणाली. "दिवा काय त्यानं लावलाय?"

सेन्सर पुन्हा बदलला. बेकरीवाल्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, दोन फेऱ्या मारल्या. दिवा त्याच्याकडे बघत बसला होता. मग मात्र त्याचं डोकंच फिरलं. त्याने मूठ वळली आणि डॅशबोर्डवर दणका हाणला.

दिवा विझला.

"बघ!" तो गरजला. "तुझ्या मशीनला जमलं नाही ते माझ्या मुठीनं केलं!"

मेव्हण्याने तोंड उघडलं, पण ताईचे डोळे बघून मिटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई व्हॅनमध्ये बसल्या, किल्ली अर्धी फिरवली आणि भुवया आक्रसल्या. "इंजिनाचा दिवा लागत नाही."

"नाहीच लागणार! कायमचा घालवलाय."

"किल्ली फिरवल्यावर तो लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. बल्ब गेलाय, नाहीतर तुम्ही मुद्दाम काढलाय. नापास."

"लागला तरी नापास, नाही लागला तरी नापास?" बेकरीवाला इतका लाल झाला, की रांगेतल्या लोकांनी आपल्या गाड्यांच्या काचा वर केल्या. "मी काय चोर आहे?"

"संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून आणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

गॅरेजमध्ये मेव्हण्याने डॅशबोर्ड उघडून नवा बल्ब बसवला. इंजिन सुरू केलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. बेकरीवाला प्लगपासून सुरुवात करून मेव्हण्याच्या सगळ्या कर्तबगारीचा उद्धार करायला लागला.

"गप्प बसा!" बायको ओरडली. "एकदम गप्प! तुमच्या आरडाओरड्यात कधी काही ऐकू येतं का?"

तो खरंच गप्प झाला. तिघेही इंजिनाजवळ वाकले. इंजिनाच्या धडधडीत एक बारीक आवाज येत होता, फुस्स, फुस्स.

"ताई, हा धुराचा पाइप!" मेव्हणा खाली सरपटला. "सेन्सरच्या आधीच तडा गेलाय. बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर बिचारा तेच ओरडून सांगतोय."

"आणि आपण त्यालाच दोनदा काढून फेकलं," बायको म्हणाली. हे वाक्य भावासाठी होतं, पण बघत ती नवऱ्याकडे होती.

वेल्डिंग होईस्तोवर बेकरीवाला मेव्हण्याला हत्यारं देत राहिला. संध्याकाळी तिघेही पुन्हा तपासणीच्या रांगेत लागले. बाईंनी किल्ली अर्धी फिरवली.

"लागला!" बेकरीवाल्याने आनंदाने मेव्हण्याला मिठीच मारली. "लागला रे, लागला!"

बाईंनी इंजिन सुरू केलं. दिवा विझला. बेकरीवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"विझायलाच हवा," बाई हसू दाबत म्हणाल्या. "पास."

पण त्याचं समाधान होईना. तो खिडकीशी वाकला आणि कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "बाई, एकदा पुन्हा लावून दाखवता का?"